एका पायाचा कुरव

बांधावरून चालायला लागून तास होत आला तरी काळूदादा एक शब्द बोलले नव्हते. पुढे ते, मागे मी. बांध अरुंद, दोघांना शेजारी चालता येत नव्हतं. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला ओहोटीनं उघडा पडलेला चिखल. मागे वळून पाहिलं की त्या चिखलात एका कुशीवर कललेली नयनची होडी दिसायची, दर वेळी थोडी अजून लहान झालेली. नयन होडीतच राहिला होता. दुपारची भरती चढेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती. आम्हाला बांधावर चढवताना तो मला म्हणाला होता, "मावशी, काळूकाका म्हणजे खाडीचं घड्याळ. लोक यांना विचारून होड्या काढतात. आज घड्याळ बंद पडलं. तुम्ही आलात म्हणून की काय?"

"माझ्यावर कशाला ढकलतोस? मी तर गप्प बसले होते."

"तेच तर! घरची बाई असती तर ओरडली असती, चला मागं, पाणी चाललं."

बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच चटका बसला, कारण काळूदादांची घरची बाई जाऊन चार वर्षं झाली होती. काळूदादांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरली आणि चालू लागले. ती पिशवी म्हणजे बासमती तांदळाची, चेनवाली, दहा किलोची. तिच्यावरचं ताजमहालाचं चित्र घासून अर्धं गेलेलं. एवढा महागाचा कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स, पण त्यासाठी वेगळी बॅग त्यांनी कधी घेतली नाही. म्हणायचे, पावसाचं काय, खाडीचं काय, तांदळाला जी पिशवी चालते ती याला का चालू नये.

चार हिवाळे ते एकच पाखरू शोधत होते. एका पायाचा कुरव. आणि त्या सकाळी तो दिसला होता, निदान त्यांना तसं वाटलं होतं. त्याच्या मागे मागे जाता जाता होडी आडव्या ओढ्यात शिरली, पाणी उतरत होतं, नयननं दोनदा हाक मारली, "काका, फिरवू का?" पण काळूदादांचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला आणि शटर कडकड वाजत होतं. मग खालून मऊ काहीतरी लागल्यासारखं झालं आणि होडी थांबली ती थांबलीच.

फोटो कॅमेऱ्यात होते. बटण दाबलं की दिसले असते. पण काळूदादा बघायला तयार नव्हते. मी दोनदा म्हटलं, "दादा, बघू या ना." दोन्ही वेळा त्यांनी न वळताच हात हलवला.

त्यांच्याबद्दल थोडं सांगते. डोंबिवली पश्चिमेला आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती मूळची त्यांची. वडील मिठागरात कामाला होते. काळूदादा चौथीपर्यंत शाळेत गेले, मग तेही मिठागरात. पुढे रेतीच्या होडीवर. त्या काळी खाडीच्या तळाची रेती माणसं बुडी मारून बादलीनं काढायची, तसे ते बुडी मारायचे. अजूनही त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं ते त्यापायीच. बायजाकाकू घरच्या वावरात मुळा, भेंडी, लाल माठ करायच्या आणि टोपलीत घालून स्टेशनजवळ विकायच्या. मग जमीन बिल्डरला गेली. वाटणीत फ्लॅट आले. पाचव्या मजल्यावर मुलगा विकी, त्याची बायको, मुलं. पहिल्या मजल्यावर काळूदादा आणि बायजाकाकू. आणि समोरच्या दारात मी.

मी घरी मराठी टायपिंगची कामं करते. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, दशक्रियेची कार्डं. यजमान होते तेव्हा आमची छोटी छपाई होती, आता नुसतं टायपिंग उरलंय. बायजाकाकूंचं दशक्रियेचं कार्डही मीच केलं. विकी कागदावर नावं लिहून घेऊन आला होता. मुलगा, सून, दीर, पुतणे, नातवंडं, भाचे, सगळे. मी म्हटलं, "विकी, तुझ्या बहिणीचं, भावनाचं नाव राहिलं बघ." तो म्हणाला, "काकी, जेवढी नावं हायत तेवढीच टाका." मी टाकली.

काकू गेल्यावर काळूदादांच्या घरातून आवाज येणं बंद झालं. दार दिवसभर उघडं असायचं, पण आत बोलणारं कुणी नाही. वरून सून डबा पाठवायची, रिकामा डबा तेच जिन्याच्या कठड्यावर ठेवायचे. मी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून बाहेर उंबऱ्याला उदबत्ती दाखवायला आले की समोर दिसायचं, टीव्ही चालू, आवाज बंद, आणि पडद्यावर पाखरं. पांढरी, करड्या पंखांची, लाल चोचीची. एकामागून एक. म्हातारा खुर्चीतून पुढे वाकून प्रत्येकाच्या पोटाकडे बघतोय.

पहिल्या हिवाळ्यात एकदा ते हातात कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन माझ्या दारात आले. "बाई, तुमच्याकडं कंप्युटर हाय नं? ह्ये भरलं बोलतंय. रिकामं करून देता का? पन पुसू नका, काय."

तेव्हापासून दर आठवड्याला ते कार्ड आणून द्यायचे आणि मी फोटो तारखेप्रमाणे लावून ठेवायचे. मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. पुस्तकात बघून कळलं की हे कुरव, थंडीत लांबून, पार हिमालयापलीकडून येतात आणि होळीच्या आसपास परत जातात. काळूदादा त्यांना सीगल म्हणायचे, बाकी शहरातल्या फोटोवाल्यांसारखं. एकदा मी विचारलं, "दादा, बसलेल्याचा एकही फोटो नाही. सगळे उडतानाचेच. ते अवघड नाही का?"

"बसलेल्याचं पाय दिसतंत का?" ते म्हणाले. "पान्याखाली असतंत. उडतो तवा पाय पोटाला लावून घेतो. खायला झेप घ्यायच्या टायमाला, हवेत ठरतो नं, तवा येक क्षण पाय सोडतो खाली. तेवढंच बगायला गावतं. डोल्यानं नाय दिसत, पलून जातं. फोटोत ऱ्हातं."

"पण पाय कशाला बघायचेत?"

"येक हाय. येका पायाचा. तो पायजे."

याच्या पुढे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. नयनकडून एवढं कळलं होतं की बाकीचे फोटोवाले पाखरं जवळ यावीत म्हणून शेव-गाठ्या उधळतात, काळूकाका मात्र घरून भात आणतात. आणखी एक गोष्ट मला फोटोंतून कळली होती. वर्षातून एक-दोनदा मधेच वेगळेच फोटो यायचे. खाडी नाही, नदी. रेल्वेचा पूल. पाण्यावर घारी. मी विचारलं, हे कुठले? म्हणाले, शहाडचे. शहाडला कशाला गेला होतात? तर म्हणाले, "अशेच. पुलावरून बरं दिसतं." त्यांची भावना लग्न होऊन शहाडलाच गेलीय हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

या जानेवारीत त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दोन आठवडे होडी बंद. मग एका गुरुवारी सकाळी येऊन म्हणाले, "बाई, येक दिवस येता का बरोबर? मना लांबचं पाखरू येक का दोन समजत नाय. तुमी नुस्तं बोट दावा." माझा गुरुवारचा उपास होता, तरी मी गेले. कार्डाचं सोडलं तर चार वर्षांत शेजाऱ्यानं एवढंच काय ते मागितलं होतं.

तर त्या बांधावर, तासाभरानं, एक जुनी उघाडी आली. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधाला लाकडी दार असतं ते. दार कधीच कुजून गेलेलं, दगडी चौकट तेवढी उरलेली. काळूदादा तिच्यावर बसले. मीही थोडं अंतर सोडून टेकले. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आत भाताचा एकच गोळा उरला होता. तो त्यांनी हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला.

होडीत ते गोळे फेकत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, पण तिथे नयन होता म्हणून बोलले नव्हते. आता विचारलं.

"दादा, रागावू नका. भातात काळे तीळ का आहेत?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुमाना कलनारच. तुमी देवाधर्माच्या."

"असा गोळा रोज उठून कुणी करत नाही, दादा. त्याचा दिवस असतो."

"दिवस झाला नाय म्हनूनच करतंय."

आणि मग, चिखलाकडे बघत, त्यांनी जे सांगितलं ते असं.

सात वर्षांपूर्वी भाऊबीजेला भावना माहेरी आली. जमिनीचा व्यवहार तेव्हा चालला होता. बिल्डरला मुलींच्या सह्या हव्या होत्या, माझा हक्क मी सोडला अशा. गावात सगळ्यांच्या मुलींनी केल्या होत्या. विकीनं कागद आणून ठेवला होता. "मीच बोल्लो त्याला," काळूदादा म्हणाले, "आज बईन येनार हाय, आजच घे. पुन्ना कवा येतेय. पाटावर तो बसलाय, तिच्या हातात ताट, ताटात दिवा, सुपारी. आनि बाजूला, पाटाखाली अर्धा दाबलेला, ह्यो कागद, वर पेन. तिनं कुंकू लावायला हात पुडं केला आनि कागद दिसला. बोल्ली, ह्ये काय? मी बोल्लो, काय नाय, येक सही हाय, ओवालून झालं का कर. तिनं ताट तसंच खाली ठेवलं, बाई. दिवा पेटलेला. पिशवी घेतली आनि गेली. बरोबरच्या तिच्या लहान पोरीला बी पानी पाजलं नाय आमच्या घरातलं."

"सही दिली नाही मग?"

"पुडल्या हप्त्यात पोस्टानं पाठवली. सही केलेला कागद. बरोबर येक ओल नाय, काय नाय." ते थांबले. "सही तर दिली नं तिनं! मंग राग कसला ऱ्हायला माजा? पन मना राग आला. चार मान्सांत उठून गेली म्हनून. मी बोल्लो, आता ती या घरात येनार नाय."

बायजाकाकूंनी तीन वर्षं सांगून पाहिलं. शेवटच्या आजारात तर रोज. काळूदादा दर वेळी उद्या म्हणायचे.

"धाव्याला, पिंडाच्या दिवशी, ती आलेली," ते म्हणाले.

"भावना?"

"हां. बंदरावर. आमच्या बायकांत नाय बसली. लांब, त्या पिंपलाखाली उभी. कोनी बोलवली नाय, कोनी हाकलली नाय. पिंड ठेवला. कावला येईना. येक तास, दोन तास. झाडावर बसलेलं हायत कावलं, पन खाली येयना. भट बोल्ला, मनात काय ऱ्हायलं आसंल बाईच्या, बोला. विकी बोल्ला, आई, बापसाला मी बगीन. दीर बोल्लं, देवलाला पायरी बांधू. पुतन्या बोल्ला, सून बोल्ली. समदे बोल्ले. मंग समदे माज्याकडं बगाय लागले, बाई. समद्यांना म्हाईत व्हतं काय ऱ्हायलंय ते. तीन शब्द व्हते. भावना घरी येईल. बस. तेवढं बोल्लो असतो तर कावला आला असता, मना आजबी वाटतंय."

"आणि तुम्ही?"

"मी गप. तोंड असं बंद झालेलं, जसं रेतीच्या पान्यात बुडी मारल्यावर करायचो. आनि तेवढ्यात वरून ह्यो आला. पांढरा. हवेत ठरला, पाय खाली सोडला. येकच पाय. पिंडाला चोच मारली आनि घेऊन गेला. मी उठलो आनि बोल्लो, झालं, शिवला. मना सुटल्यासारकं झालं. मी सुटलो, बाई! बायकोच्या पिंडावर मी सुटलो." त्यांनी हातातला गोळा परत डब्यात ठेवला. "भट बोल्ला, ह्ये चालत नाय, कावलाच पायजे. दर्भाचा कावला करून शिवला त्यानं. मी मागं वलून बगितलं तर पिंपलाखाली कोन नाय."

खारफुटीत कसलातरी पक्षी टुकटुक करत होता. पिंडाला कोण शिवलं म्हणजे पोचतं आणि कोण शिवलं म्हणजे पोचत नाही, हे ठरवणारी मी कोण? आमच्या घरी दर्भाचा कावळा झालेला मी पाहिलाय, आणि आम्ही नमस्कार करून उठलो होतो.

"मग त्या पाखराला शोधून करायचं काय?" मी विचारलं.

"त्यानं तिचा घास नेला नं. माजं बोलनं ऐकायच्या आदीच नेला. तो समोर आला म्हंजे त्याला गोला द्यायचा आनि जे त्या दिवशी नाय बोल्लो ते बोलायचं. म्हंजे तिला पोचंल." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हसेन असं त्यांना वाटत असावं. मी हसले नाही. मग त्यांनी पिशवीची चेन उघडली, कॅमेरा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तुमी बगा. माज्यानं नाय बगवत."

पदर स्क्रीनवर धरून मी बटण दाबलं. एका झेपेचे सात फोटो होते. पहिल्यात कुरव पंख पसरून, डोळ्यामागे एक काळा ठिपका, चोच खाली. दुसऱ्यात एक लाल पाय लोंबत होता. एकच. मोठा करून पाहिला. दुसऱ्या पायाच्या जागी नुसती पांढरी पिसं. तिसरा, चौथा, पाचवा, तसंच. सहाव्यात त्या पिसांतून काहीतरी लाल टोक दिसलं. मी आणखी मोठं केलं. सातव्यात गोळा चोचीत होता, आणि खाली दोन पाय. दोन्ही सरळ, दोन्ही धडधाकट.

खोटं बोलणं सोपं होतं. शेवटचे दोन पुसून टाकले असते तर त्यांना कळलंही नसतं, त्यांचा डोळा तसाच. चार हिवाळ्यांची वणवण संपली असती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ते घेतल्यावर मग खोटं बोलता येईना.

"दोन पाय आहेत, दादा."

"काय बोल्लात?"

"दोन आहेत. एक पिसांत ओढून घेतलेला होता. शेवटी सोडलाय."

"दुसरा कोन आला आसंल मधी."

"नाही. नंबर लागोपाठचे आहेत. एकाच झेपेतले. तोच ठिपका, तोच पक्षी. थंडीमुळे एक पाय आत घेऊन उडत असतील हे."

ते हळूच म्हणाले, "म्हंजे त्या दिवशीचा पन..."

"असू शकेल."

"म्हंजे त्याला पन दोन आसतील."

"असतील. मी तिथं नव्हते."

"म्हंजे मंग कंचाबी." त्यांनी हात चिखलावरून फिरवला. ओहोटीच्या कडेला शेकडो कुरव बसले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून, सगळे एकसारखे. "यातला कंचाबी."

"हो."

मला वाटलं ते रडतील. ते रडले नाहीत. बराच वेळ त्या पाखरांकडे बघत बसले. खाडीवरच्या पुलावरून गाड्या जात होत्या, इथवर नुसती गुणगुण येत होती. एवढ्या मोठ्या उजेडात आम्ही दोनच माणसं होतो, आणि खरं सांगायचं तर ते त्या वेळी एकटेच होते, मी असून नसल्यासारखी.

मग त्यांचे ओठ हलले. "भावना घरी येईल," ते म्हणाले. फार हळू. पाखरांनी वळूनही पाहिलं नाही.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मला मनात ठेवता येत नाही, हा माझा जुना दोष. "दादा, हे चिखलाला सांगून काय होणार? ही खाडी वर चढत गेली की शहाडलाच जाते. पण ही पाखरं काही निरोप नेत नाहीत. तुम्ही पुलापर्यंत जाता, घारींचे फोटो काढता आणि परत येता."

ते एकदम उसळले. "तुमाना काय जातंय बोलायला? कार्ड तुमीच केलंत नं? तिचं नाव नव्हतं त्यात. तवा काय बोल्लात तुमी?"

"विकीला विचारलं होतं मी."

"विचारलंत. आनि मंग?"

"मग केलं."

"हां. केलंत. आनि पैसं नाय घेतलं, येवढी तुमची माया. पन नाव नाय टाकलं."

विकीनं सांगितलं तेवढं मी टाइप केलं, हे खरं. पण आईच्या कार्डावर मुलीचं नाव नाही हे माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर होतं, आणि मी नुसता फॉन्ट सारखा केला, समास सरळ केले, प्रिंट काढली. काळूदादा बंदरावर गप्प बसले. मी त्याच्या आधी दोन दिवस माझ्या घरात गप्प बसले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुमचं नुस्तं कागदावर," ते म्हणाले, आता आवाज उतरला होता. "माजं तोंडावर." त्यांनी डबा बंद केला. उठले. आम्ही पुन्हा चालायला लागलो.

ऊन चढलं होतं. उपासाचं पोट, पाय भरून आलेले. काळूदादा थांबून थांबून चालत होते, म्हणजे माझ्यासाठी. एका ठिकाणी बांध खचला होता तिथे त्यांनी मला हात दिला. तळवा कसा, लाकडासारखा. पलीकडे उतरल्यावर ते म्हणाले, "पोरगी शिकवनीला जाते तिची. करिश्मा. नववीत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शहाडला स्टेशनाभायेर येक नारलवाला हाय. त्याच्याकडं नारलपानी पितो मी. तो बोलता बोलता समोरच्या पोरांचं समदं सांगतो. त्याला म्हाईत नाय मी कोन. मी बोल्लो, समोरच्या बिल्डिंगीत कोन कोन ऱ्हातं? तो बोल्ला, खूप हायत, काका, तुमाना कोन पायजे? मी बोल्लो, कोन नाय." ते थोडं हसले. "त्याला वाटत आसंल म्हातारा घर बगतोय भाड्यानं."

"दारापर्यंत गेलात कधी?"

"खालच्या जिन्यापरत. तिच्या घरातनं कुकरची शिट्टी वाजली. मंग आलो मागं."

"का?"

"जेवायचा टायम झालेला. वाटलं, ह्यो जेवायला आला काय असं बोलंल."

जेवायला बस म्हणायच्या वेळी बाप जिन्यात उभा होता आणि वर कुणाला पत्ता नव्हता. आणि घरी येऊन त्यानं टीव्हीवर घारी लावून बघितल्या होत्या. ते फोटो मी तारखेप्रमाणे लावून ठेवले होते.

पुढे खारफुटी संपली. घरं दिसायला लागली, दोऱ्यांवर कपडे, एक पाण्याचा टँकर, रिक्षा. रस्ता हाकेवर आला होता. तिथे पोचल्यावर आम्ही शेजारी-शेजारी रिक्षात बसणार, बिल्डिंगमध्ये येणार, ते त्यांच्या दारात जाणार, मी माझ्या. काळूदादा बांधाच्या शेवटाला थांबले. कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी खाली ठेवली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती त्यांच्या अंगापासून सुटलेली मी पाहिली.

"बाई, येक मागू?"

"मागा."

"तुमी शहाडला जा. मी नाय येत, तुमी येकट्या जा. तिला सांगा, बापूस तुज्या दारात येऊन उभा ऱ्हायला तर आत घेशील का. कागद-बिगद काय नाय. विकीला म्हाईत नाय. घरी चल असं बी बोलू नका, ते मी बोलीन, माज्या तोंडानं, तिनं दार उगडलं तर. तुमी येवढंच इचारा."

"विचारते. आजच नाही, उद्या जाते."

"ऐका पुडं." त्यांनी एका हातानं डोळ्यावरचं ऊन अडवलं, त्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरचं, आणि माझ्याकडे नीट बघितलं. "ती नाय बोल्ली, तर येऊन मना नायच सांगा. दोन पायाचं सांगितलंत नं आत्ता, तसंच. मधी गोड करू नका."